सील म्हणजे कुठून कुठपर्यंत?

मागच्या निवडणुकीच्या प्रचारात आमच्या खाडीकाठच्या वाडीत एका उमेदवाराची कोपरा सभा झाली. देवळापुढच्या पारावर वीस-पंचवीस खुर्च्या, एक कर्णा, पाण्याच्या बाटल्यांचा खोका. भाषणात रस्ता आला, नळपाणी योजना आली, जेटीपुढचा गाळ आला आणि शेवटी आवाज चढवून दोन वाक्यं आली. आपली सागरी सीमा सील करू. जिल्ह्यातला एकेक घुसखोर हुडकून बाहेर काढू. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर मागच्या रांगेतून एक म्हातारा तांडेल उठला आणि म्हणाला, “साहेब, सील म्हणजे कुठून कुठपर्यंत? खाडीचं तोंड त्यात धरलंय का?” उमेदवारांनी हात जोडले. “काका, सगळं होईल, तुम्ही काळजी करू नका.” पुढच्या सभेची वेळ झाली होती. गाड्या निघाल्या, लोक पांगले. तांडेल मात्र थोडा वेळ तसाच उभा होता.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. चाळीस वर्षं खाडीतून दर्यात आणि दर्यातून खाडीत नौका नेणाऱ्या माणसाला सीमा नकाशावरच्या रेघेसारखी दिसत नाही. सरकारी हिशेबात रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा १६७ किलोमीटर धरला जातो. पण बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी आणि जैतापूरला अर्जुना समुद्राला मिळते. भरतीचं पाणी धरून होडी कितीतरी आत घुसते. एकेकाळी मालाची गलबतं दाभोळच्या खाडीतून थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जात. म्हणजे समुद्राची वेस एका अर्थाने चिपळूणच्या दारापर्यंत येते. ‘सील’ करायचं तर ते गुहागरच्या वाळूवर करायचं की गोवळकोटच्या धक्क्यावर, हे आधी ठरवावं लागतं. आमच्या तांडेलाला एवढंच विचारायचं होतं.

ही राखण आज कोण करतं ते आधी पाहू. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, आपला प्रादेशिक समुद्र. इथली जवळची गस्त राज्याच्या सागरी पोलिसांची. बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड, नाटे इथली सागरी पोलीस ठाणी त्यासाठीच आहेत. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत मुख्य भार तटरक्षक दलावर, आणि खोल समुद्र नौदलाकडे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर, २००९ मध्ये, साऱ्या सागरी सुरक्षेची एकत्रित जबाबदारी नौदलाला दिली गेली. शिवाय चोरट्या मालावर नजर सीमाशुल्क खात्याची, म्हणजे आपल्या बोलीतल्या कस्टमची. मासेमारी नौकांचे परवाने मत्स्यव्यवसाय खात्याचे, बंदरांचा कारभार मेरिटाइम बोर्डाचा. एका जेटीवर उभं राहिलं की पाच-सहा खात्यांचे हुकूम तिथे येऊन पोचतात. मग दोन खात्यांच्या मधल्या फटीत काय होतं, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. ‘सुरक्षा वाढवू’ या शब्दांत त्याचं उत्तर सापडत नाही.

फटीतून काय येतं ते कोकणाने पाहिलेलं आहे. मुंबईत १२ मार्च १९९३ ला २५७ माणसांचा जीव घेणारं आरडीएक्स त्याआधी काही आठवडे रायगडातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. शेखाडी श्रीवर्धन तालुक्यात, आमच्या बाणकोटपासून फार लांब नाही. त्या खटल्यात टाडा न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवलं त्यांत कस्टम आणि पोलीस खात्यातली माणसंही होती. चौकी होती, माणसं नेमलेली होती, रस्त्यावर अडवणारे होते, आणि त्यांतल्या काहींनी पैसे घेऊन माल जाऊ दिला. हा धडा मला फार मोठा वाटतो. सीमेबद्दल आश्वासन देणारा प्रत्येक जण नव्या बोटी, नवे कॅमेरे, नवी भिंत दाखवतो. भ्रष्टाचाराने उघडलेलं दार कॅमेऱ्याने बंद होत नाही. किनाऱ्यावरच्या बदल्या कशा होतात आणि तक्रार करणाऱ्या कोळ्याचं नाव गुप्त राहतं का, हे शेखाडीनंतर तीस वर्षांनीही विचारावंच लागतं.

२००८ च्या त्या हल्ल्यासाठी आलेले दहा जण पोरबंदरच्या ‘कुबेर’ नावाच्या मासेमारी ट्रॉलरवरून आले. खोल समुद्रात त्यांनी ती नौका ताब्यात घेतली, तांडेलाला मारलं, आणि शेवटचा टप्पा रबरी होडीतून पार करून कफ परेडच्या मच्छीमारनगरात उतरले. उतरताना त्यांना पाहिलं ते तिथल्या कोळीवाड्यातल्या माणसांनी. रडारला लाकडी मासेमारी नौका आणि शत्रूने पळवलेली मासेमारी नौका यांतला फरक दिसत नाही. शेजारच्या नौकेवर रोजची माणसं नाहीत, हे शेजारच्या तांडेलालाच कळतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला, म्हणजे बाणकोट खाडीच्या पलीकडच्या तीरावर, एक बेवारस बोट लागली. तीत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं निघाली. साऱ्या किनाऱ्याचा श्वास अडकला. तपासात कळलं की बोट ऑस्ट्रेलियन मालकीची, इंजिन बंद पडल्यावर ओमानजवळ माणसं उतरवून सोडून दिलेली, आणि पावसाळी प्रवाहाबरोबर वाहत आलेली. धोका नव्हता, हे नशीब. पण सोळा मीटर लांबीची बोट अरबी समुद्र ओलांडून कोकणच्या खडकापर्यंत आली आणि ती पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती किनाऱ्यावरच्या लोकांना. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशी या बाजूला चरसची पाकिटं लाटांबरोबर वाळूवर येऊ लागली. कस्टमने आणि पोलिसांनी ती गोळा केली, पण आधी ती पाहिली सकाळी किनाऱ्यावर फिरणाऱ्यांनी.

या सगळ्यांतून मला एकच गोष्ट दिसते. आमच्याकडे सीमा राखतात ती रोज तिथे असणारी माणसं. त्यांच्या नजरेला जोड म्हणून यंत्रं, बोटी आणि कायदे. उमेदवाराच्या प्रस्तावात ही माणसं कुठे आहेत, यावरून त्याचा अभ्यास कळतो.

वर्षातून दोनदा ‘सागर कवच’ हा सराव होतो. नौदलाची, पोलिसांची काही माणसं घुसखोर बनून किनाऱ्यावर उतरायचा प्रयत्न करतात आणि बाकीच्यांनी त्यांना पकडायचं असतं. ते दीड-दोन दिवस जेटीवर पोलीस, नाक्यावर पोलीस, येणाऱ्या प्रत्येक नौकेचे कागद बघणं. सराव चांगलाच आहे. मला काळजी आहे ती उरलेल्या दिवसांची. गस्तीची बोट महिन्यातले किती तास पाण्यात असते? तिच्या डिझेलला मंजुरी किती? इंजिन बिघडलं तर दुरुस्तीला किती आठवडे लागतात? बोट चालवणारा सारंग नेमलेला आहे की जागा रिकामी? लँडिंग पॉइंटवर रात्रपाळीला किती माणसं आणि त्यांचा पगार वेळेवर होतो का? बोट खरेदी एकदाच होते, तिचं डिझेल दर महिन्याला लागतं, म्हणून भाषणात बोट येते आणि डिझेल येत नाही. हे आकडे मतदाराला मिळू शकतात. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. गस्तीच्या वेळा आणि मार्ग कुणी सांगणार नाही, सांगूही नयेत. मंजूर पदं किती, भरलेली किती आणि इंधनावर वर्षाला खर्च किती, एवढं मात्र मागता येतं. असा कागद हातात घेऊन सभेला गेलेल्या माणसाला ‘सगळं होईल’ म्हणून बसवता येत नाही.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. घुसखोर.

हा शब्द सभेत उच्चारला की ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळा माणूस येतो. मच्छीमाराला कर्नाटकातल्या मलपीचा ट्रॉलर दिसतो. बेरोजगार पोराला कंपनीतला परप्रांतीय कामगार दिसतो. कुणाला बागेतला गुरखा दिसतो. कुणाला एखादं नाव, एखादी टोपी दिसते. बोलणाऱ्याला प्रत्येकाच्या टाळ्या मिळतात आणि नेमकं कुणाबद्दल बोललो ते सांगावं लागत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच: कोण?

कायद्याच्या भाषेत इथे तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, कर्नाटकातून आलेला कामगार भारताचा नागरिक आहे. संविधानाच्या कलम १९ ने त्याला देशात कुठेही जाण्याचा, राहण्याचा हक्क दिला आहे. त्याला जिल्ह्याबाहेर ‘काढण्याचा’ अधिकार आमदाराला नाही, मंत्र्यालाही नाही. स्थानिकांना काम मिळावं ही मागणी रास्त आहे. त्यासाठी कौशल्य शिक्षण, भरतीवर देखरेख आणि कंत्राटदाराकडून किमान वेतनाची वसुली हे मार्ग आहेत. सीमेचा प्रश्न तो नव्हे.

दुसरा नेपाळी माणूस. मिरकरवाड्याच्या, साखरीनाट्याच्या, हर्णैच्या नौकांवर आज नेपाळी खलाशी नाहीत असं क्वचितच. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, मोहोर येण्याआधी येतात आणि हंगाम संपला की जातात. ते परदेशी आहेत, पण बेकायदा नाहीत. ३१ जुलै १९५० ला भारत-नेपाळ मैत्री करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, व्यापार करण्याची, फिरण्याची समान मुभा दिली. नेपाळ सीमेवरची सुनौलीची वेस ओलांडून गोरखपूरला रेल्वे धरणाऱ्या पोराला व्हिसा लागत नाही. ‘सगळे परदेशी बाहेर’ म्हणणाऱ्या उमेदवाराला हे ठाऊक आहे का? आणि ते खरोखर गेले तर पुढच्या हंगामात पर्ससीनचं जाळं ओढणार कोण, हे त्याने नौकामालकांना विचारलं आहे का? सुरक्षेच्या अंगाने नेपाळी खलाशाबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न निराळाच आहे. तो समुद्रात जातो तेव्हा त्याची नोंद कुठे असते, ओळखपत्र कोण तपासतं, आणि मालकाने ऐन हंगामात माणूस बदलला तर नवं नाव कुणापर्यंत पोचतं?

तिसरा, खरोखर बेकायदा आलेला माणूस. तोही कल्पनेतला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रत्नागिरी तालुक्यातल्या नाखरे गावच्या हद्दीत एका चिरेखाणीवर काम करणारे १३ बांगलादेशी पोलिसांनी पकडले. ही घटना नीट बघितली की प्रस्ताव तपासण्याची पद्धत आपोआप कळते.

चिरेखाण ज्याने पाहिली नसेल त्याच्यासाठी सांगतो. कातळाच्या सड्यावर चौकोनी खड्डे, उन्हात लाल धूळ, दात असलेलं गोल पातं फिरवत पुढे सरकणारं यंत्र, आणि मागे चिरे उचलून गाडीत भरणारी माणसं. राहायला खाणीशेजारीच पत्र्याची खोली. आपल्याकडची तरुण पोरं हे काम करत नाहीत. मुकादम माणसं आणतो आणि तो कुठून आणतो हे फारसं कुणी विचारत नाही. बांगलादेशची सीमा नाखऱ्याहून सरळ रेषेत मोजली तरी दीड हजार किलोमीटरांहून दूर आहे. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटर लांब, नद्या-चरांनी कापलेली, अनेक ठिकाणी कुंपणाशिवाय. इथपर्यंत यायला एखाद्या माणसाला वाटेत किती जणांचा हातभार लागत असेल! सीमेवरचा दलाल, मधल्या शहरातला कागद करून देणारा, मुकादम, आणि शेवटी कमी मजुरीत माणूस मिळतो म्हणून डोळे मिटणारा काम देणारा. ‘हुडकून काढू’ म्हणताना उमेदवाराच्या यादीत शेवटच्या पायरीवरचा मजूर असतो. साखळीतले बाकीचे चौघे त्या यादीत आहेत का?

अधिकाराचं पाहू. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत सतराव्या क्रमांकाला नागरिकत्व आणि परकीय नागरिक हा विषय आहे. एकोणिसाव्या क्रमांकाला भारतात प्रवेश, भारतातून हकालपट्टी, पासपोर्ट आणि व्हिसा. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्याच्या यादीत. त्यामुळे नगरपरिषदेचा किंवा विधानसभेचा उमेदवार जेव्हा ‘हाकलून देऊ’ म्हणतो तेव्हा तो केंद्राच्या हातातली गोष्ट देऊ करतो. राज्याचे पोलीस शोधू शकतात, अटक करू शकतात, गुन्हा दाखल करू शकतात. परत पाठवणं केंद्रामार्फत, आणि त्यासाठी समोरच्या देशाने ‘हा आमचा’ म्हणावं लागतं. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या आणि आणखी तीन जुन्या कायद्यांच्या जागी नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झाला आहे. वैध कागदांशिवाय आत येणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच आहे.

या शेवटच्या वाक्यात घाईला फार जागा आहे. जून २०२५ मध्ये मिरा रोडवरून पकडलेला पश्चिम बंगालचा एक मजूर बांगलादेशी समजून थेट सीमेपार ढकलला गेला. तो भारतीय निघाला. घरच्यांनी कागद दाखवले, बंगाल सरकारने हालचाल केली, तेव्हा त्याला परत आणावं लागलं. आपल्या देशाच्या नागरिकाला परक्या देशात अडकून पडावं लागलं. बंगाली बोलणारा प्रत्येक जण बांगलादेशी नसतो. मुर्शिदाबादचा गवंडीही तीच भाषा बोलतो. चूक झाली तर ती दुरुस्त करणारा माणूस कोण, किती दिवसांत, आणि पकडलेल्याला वकील मिळणार का, हे विचारणं म्हणजे घुसखोराची बाजू घेणं नव्हे. ज्याला ओळख पटवायची पद्धत नीट माहीत आहे, तोच खरा घुसखोर पकडू शकतो.

आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. तरीही मालक, घरमालक, कंत्राटदार आधार बघून निश्चिंत होतात. आणि आधाराच्याही मुळाशी अनेकदा असतो तो जन्मदाखला. उशिरा नोंदवलेल्या जन्माला पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने, एका वर्षाहून अधिक उशीर झालेल्या नोंदीचा हा अधिकार जिल्हा, उपविभागीय किंवा नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. बनावट नोंदींच्या तक्रारी आल्यावर जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने अशा उशिराच्या नोंदी थांबवून चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमलं.

म्हणून मी म्हणतो की सीमेचं एक टोक ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. खेड्यात जन्ममृत्यूचा निबंधक ग्रामसेवक असतो. ज्या उमेदवाराच्या हातात लष्कर नाही, बीएसएफ नाही, हकालपट्टीचा अधिकार नाही, त्याच्या हातात हे रजिस्टर मात्र येणार असतं. त्याला विचारावं: आपल्या गावच्या जन्मनोंदी कोण तपासतं? चिरेखाणीवरच्या, बांधकामावरच्या कामगारांची नोंद कंत्राटदार देतो का? गुरख्याची, भाडेकरूची माहिती ठाण्यात जाते तेव्हा तिथे ती कुणी वाचतं का? खालच्या पायरीवरच्या माणसाकडे या प्रश्नात मोठं काम आहे आणि ते त्याला खरोखर करता येण्यासारखं आहे. भाषणात ते येत नाही, कारण रजिस्टर तपासण्याला टाळ्या पडत नाहीत.

मलपीच्या ट्रॉलरचं थोडक्यात सांगतो, कारण आमच्या मच्छीमाराचा रोजचा राग तिथे आहे. कर्नाटकातले मोठे, जास्त ताकदीच्या इंजिनाचे ट्रॉलर रत्नागिरी-सिंधुदुर्गासमोर येऊन मासळी लुटून नेतात, जाळी फाडतात, ही तक्रार जुनी आणि खरी आहे. १२ सागरी मैलांच्या आत महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो. तिथे परवान्याशिवाय आलेली परराज्यातली नौका पकडता येते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेला आहे. त्या रेषेपलीकडची मासेमारी केंद्राच्या यादीत येते. तिथे मलपीवाल्याला तेवढाच हक्क आहे जेवढा हर्णैवाल्याला. जानेवारी २०२५ पासून मिरकरवाडा आणि साखरीनाटे इथून ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात झाली. ड्रोन चित्र आणतो. ट्रॉलर पकडायला मात्र त्याच्याइतकीच वेगवान बोट आणि ती चालवणारी माणसं लागतात. परप्रांतीय नौका रोखू म्हणणाऱ्याने कोणत्या मैलापर्यंत आणि कोणत्या बोटीने, एवढं सांगावं.

खर्च विचारला की काही जण देशभक्तीवर बोट ठेवतात. जगातलं एक ताजं उदाहरण इथे उपयोगी पडेल. ब्रिटनच्या सरकारने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केलं की छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या निर्वासितांना आफ्रिकेतल्या रुआंडाला पाठवू. घोषणा जोरकस होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, सरकारने त्यावर नवा कायदा केला, आणि जुलै २०२४ मध्ये सत्ता बदलल्यावर योजना रद्द झाली. तोवर नव्या सरकारच्या हिशेबाने सुमारे ७० कोटी पौंड खर्च झाले होते आणि रुआंडाला गेले होते स्वखुशीने जाणारे चार जण. बोटी येतच राहिल्या. किती पैसे, न्यायालयात टिकेल का, समोरचा देश घेईल का, हे तीन प्रश्न मतदारांनी आणि पत्रकारांनी पहिल्याच दिवशी आग्रहाने लावून धरले असते तर ते पैसे कदाचित गस्तीला आणि अर्ज निकाली काढणाऱ्या कचेऱ्यांना मिळाले असते. आपल्याकडेही निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्याबद्दल एक भाग आहे. आश्वासनामागचं कारण आणि पैसा कुठून येणार ते ढोबळमानाने तरी सांगावं, अशी त्यात अपेक्षा आहे. ती अपेक्षा मतदाराने बोलून दाखवली नाही तर कागदावरच राहते.

आणि रत्नागिरीकराने हे प्रश्न इतरांपेक्षा जास्त काळजीने विचारावेत, असं मला मनापासून वाटतं, कारण हा जिल्हा बाहेर जाणाऱ्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी झालेली. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, म्हणजे पुरुष मुंबईला आणि घर बायकांच्या खांद्यावर. मुंबईच्या गिरण्यांतून मनीऑर्डर करणारा चाकरमानी आपलाच होता. राजापूर, खेड, दापोली, रत्नागिरीतल्या कित्येक मुसलमान घरांतली माणसं कुवेत, सौदी, कतारला. त्याआधी कोकणी मुसलमान केपटाऊनपर्यंत जाऊन स्थायिक झाले. इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना संपला, कफीलाने म्हणजे तिथल्या मालकाने पासपोर्ट अडकवला, अमक्या तारखेपर्यंत देश सोडा म्हणून तिथल्या सरकारने फर्मान काढलं, तेव्हा त्या घरांत काय होतं ते आमच्या बायकांना विचारावं. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबईहून निघालेल्या आपल्याच माणसांना कशेडी घाटात ई-पाससाठी तासन् तास थांबावं लागलं, आणि गावात पोचल्यावर शाळेत चौदा दिवस. बाहेरचा ठरणं म्हणजे काय ते या जिल्ह्याने तेव्हा घाटाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं.

याच जिल्ह्यात, रत्नागिरी शहरात, ब्रिटिशांनी १८८६ मध्ये ब्रह्मदेशच्या थिबा राजाला आणून ठेवलं. तीस वर्षांनी, १९१६ मध्ये, तो इथेच वारला. त्याची नात रत्नागिरीत मराठी बोलत, गरिबीत संसार करत म्हातारी झाली. तिला कुणी परकी म्हटलं नाही.

त्या कोपरा सभेनंतर काही महिन्यांनी, नारळीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, मी त्याच तांडेलाला जेटीवर भेटलो. पावसाळी बंदी संपलेली, नौका रंगवून तयार, बर्फाच्या गाड्या यायला लागलेल्या. एका पालथ्या क्रेटवर बसून तो दोनशे पानी वहीत लिहीत होता. समोर सहा नेपाळी पोरं ओळीने उभी होती. नाव, बापाचं नाव, जिल्हा. एकाने ‘बर्दिया’ सांगितलं, तेव्हा तांडेलाने ते दोनदा म्हणवून घेतलं आणि मग अक्षर लावून लिहिलं. शेवटच्या रकान्यात घरचा फोन नंबर. एका पोराकडे नंबर नव्हता. तांडेलाने त्याला शेजारच्या गाववाल्याचा नंबर शोधायला लावला आणि तो मिळेपर्यंत वही मिटली नाही.

मी विचारलं, “पोलिसांना द्यायची काय ही यादी?”

“एक कॉपी त्यांना देतो. मागितली नाय तरी देतो,” तो म्हणाला. “दुसरी घरात ठेवतो. दर्यात कायतरी झालं तर याच्या आयशीला कळवायला नको?”